मैना बोलून राहिली

मैनाला आधी आवाज आला आणि मग बाकीची मैना आली, असं तिची आई म्हणायची. नर्मदेकाठच्या आमच्या शहरातल्या रांझी भागात माझं औषधांचं दुकान आहे आणि समोर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांचं घर. सकाळी मी शटर वर करायला लागलो की समोरच्या पायरीवरून खणखणीत आवाजात जाहीर व्हायचं, "काका आले. आज चष्मा विसरले. दुकान उघडून राहिले." सायकलींवरून फॅक्टरीत निघालेली माणसं हसत पुढे जायची. तेव्हा ती इतकी लहान होती की पायऱ्या तिला बसत बसत उतराव्या लागत. पण वाक्य पूर्ण असायचं, शब्द स्वच्छ असायचे, आणि मी खरोखरच चष्मा विसरलेलो असायचो.

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकी. आम्ही अमरावतीकडचे, ते भंडाऱ्याकडचे, बाकी सगळी वस्ती हिंदी बोलणारी. मैना हे नाव दोन्हीकडे चालायचं, म्हणून तेच टिकलं. तिचे वडील विनायकराव फॅक्टरीत कामाला होते. अतिशय अबोल माणूस. पोरीबद्दल कोणी काही म्हटलं की सांगायचे, "आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे आहे. माझ्याकडे फक्त ऐकायचं."

शाळा सुटली की ती माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसे आणि दिसेल ते मोठ्याने वाचे. गोळ्यांची पाकिटं, खोक्यांवरच्या सूचना, कॅलेंडर. पुढे पुढे म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना औषध कसं घ्यायचं ते तीच सांगायला लागली. "दादी, ये सफ़ेद गोली खाने के बाद. खाली पेट नहीं. अब आप बताओ, कब लेना है?" आणि म्हातारीने बरोबर सांगेपर्यंत ती पिशवी हातात देत नसे. काही म्हाताऱ्या तर मुद्दाम ती असेल त्या वेळेला यायच्या. मी तीच माहिती द्यायचो, पण माझं ऐकून त्या घरी जाऊन विसरायच्या. मैनाचं विसरत नव्हत्या.

शाळेत ती भैयांच्या ऑटोने जायची. भैया म्हणजे मुलांची ने-आण करणारे एक किडकिडीत गृहस्थ. खांद्यावर गमछा, मिशा पांढऱ्या, तोंडात सदा कुठलंसं भजन. आमच्या भागातल्या निम्म्या मुलांना त्यांनी शाळेत पोचवलं असेल. मुलं ऑटोत बसलेली असताना ते फोन उचलत नसत. कोणी रागावलं तर म्हणत, "गाड़ी में बच्चे थे साहब." मैना त्यांच्या ऑटोत कडेला बसून प्रत्येक थांब्याचं नाव आणि उतरणाऱ्या मुलाचं नाव पुकारायची. भैया तिला कंडक्टर म्हणायचे. बारावीचा शेवटचा दिवस आला तेव्हा तिने ऑटोला झेंडूचा हार घातला आणि भैयांना शेजारी उभं करून माझ्याकडून फोटो काढून घेतला. फोटोत ती तोंडभर हसते आहे आणि भैया हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे ताठ उभे आहेत.

माइक तिच्या हातात पहिल्यांदा चेरीतालच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई आजारी पडल्या आणि कोणीतरी विनायकरावांच्या मुलीला पुढे केलं. शहरात वाढलेल्या आमच्या मुलांना मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीत शिरतात. मैना सबंध कार्यक्रम मराठीत बोलली. मधूनच 'करून राहिले', 'काहून' असं घरचं मराठी येत होतं, आणि मागे बसलेल्या नागपूरकडच्या बायका ते ऐकून खूश होत होत्या. त्यानंतर तिच्याशिवाय मंडळाचा कार्यक्रम झाला नाही.

तिच्या आवाजाची खरी ताकद मी नर्मदेकाठी तिलवाऱ्याला भरणाऱ्या संक्रांतीच्या मेळ्यात पाहिली. एक म्हातारे गृहस्थ गर्दीत हरवले होते. त्यांना विसरण्याचा आजार होता आणि सून रडून रडून बेजार झाली होती. लाउडस्पीकरवर नाव पुकारून काही उपयोग होत नव्हता, कारण त्यांना स्वतःचं नावच आठवत नव्हतं. कॉलेजात शिकणारी मैना आमच्याबरोबर होती. तिने सुनेला बाजूला घेतलं, म्हाताऱ्यांना काय आवडतं, लहानपणी कुठे राहत, सगळं विचारलं. मग माइक घेऊन बोलली, "बाबूजी, बरगी वाले घर में गाय ने बछड़ा दिया है. सब आपकी राह देख रहे हैं. जहाँ लाल झंडा दिख रहा है, वहाँ आ जाइए." थोड्या वेळाने काठी टेकत म्हातारे झेंड्यापाशी आले आणि विचारायला लागले, वासरू कुठे आहे. परत येताना मी विनायकरावांना म्हटलं, तुमच्या मुलीच्या जिभेवर काहीतरी आहे. ते पुलावरून नर्मदेकडे बघत हसत होते.

कॉलेजात असतानाच तिला चांगला फोन मिळाला. सुरुवातीला मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट कौतुकच होतं. गल्लीतला नळ महिनोन्‌महिने गळत होता, तिने त्याचा व्हिडिओ केला आणि आठवड्याच्या आत माणसं येऊन नळ बसवून गेली. मग खड्ड्याचा केला, बंद पडलेल्या दिव्यांचा केला. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती म्हणायची, "नमस्ते रांझी, मैना बोल रही हूँ." रस्त्यातली पोरं तिला बघून तेच वाक्य म्हणायला लागली. तिला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

पण हळूहळू फोन तिच्या हातातून सुटेनासा झाला. जेवताना तो लोणच्याच्या बरणीला टेकवलेला असे. चार्जिंगची पेटी ओढणीत गुंडाळलेली असे. दुकानात आली की स्टुलावर बसे, पण गिऱ्हाईक बोलत असताना तिचं बोट काचेवर वरखाली फिरत असे. एक म्हातारी तिच्यासाठी मुद्दाम थांबली होती. मैनाने तिला गोळ्या सांगितल्या, पण उलट विचारायचं राहिलं. म्हातारी उभीच होती, आता ही विचारेल म्हणून. मी म्हटलं, "मैना, आजी थांबल्या." ती मान वर न करता म्हणाली, "हो काका, सांगितलं ना."

बोलण्यातही काहीतरी बदललं. पूर्वी ती समोरच्या माणसाकडे बघून बोलायची. आता माझ्याशी बोलतानाही फोन उभा धरून त्यात माझा चेहरा बघायची आणि म्हणायची, "काका, इकडे नका बघू, तिकडे बघा, लोकांकडे." लोक कुठेच नव्हते. दुकानात मी होतो आणि ती होती. शिवाय ज्या गोष्टीचं उत्तर माहीत नाही, ती प्रश्न म्हणून बोलायची नवी रीत तिने उचलली होती. भाजीवाल्याच्या काट्यात गडबड आहे का? अमक्या शिकवणीत शिकवतात तरी का? "मैं इल्ज़ाम नहीं लगा रही, लेकिन सवाल तो बनता है." विनायकराव एकदा तिला म्हणाले, "बेटा, माहीत नसलं तर आधी विचारून ये ना." ती हसली. "बाबा, तेच तर करून राहिली. सगळ्यांना विचारून राहिली."

पिहूचा दिवस मला अजून घामाच्या वासासकट आठवतो. दुपारची वेळ, मार्चमधलं ऊन. पिहू म्हणजे मागच्या गल्लीतली पहिलीतली मुलगी. तिची आई धावत दुकानात आली. शाळा सुटून बराच वेळ झाला, पिहू घरी नाही, शेजारीपाजारी नाही. पिहू भैयांच्याच ऑटोने यायची. मैना स्टुलावर बसलेली होती. ती ताडकन उठली आणि फोन वर धरला.

मी म्हटलं, "थांब. आधी भैयांना फोन लाव. तुझ्याकडे नंबर आहे ना?"

"काका, एकेकाला फोन लावत बसू तर वेळ जाईल. लाइव्ह गेली की साऱ्या रांझीला कळते."

मी माझ्या फोनवरून भैयांना लावला. घंटी वाजत राहिली. त्यांनी उचलला नाही. ऑटोत अजून मुलं असणार हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी तसं म्हणालोही. पण मैनाचं बोलणं सुरू झालं होतं. पिहूच्या रडणाऱ्या आईला तिने शेजारी ओढलं होतं. आवाज कापत होता, पण शब्द नेहमीसारखे स्वच्छ. "नमस्ते रांझी, मैना बोल रही हूँ. एक छोटी बच्ची स्कूल से निकली और घर नहीं पहुँची. ये है वो ऑटो, ये है ऑटोवाला. फोन नहीं उठा रहा. मैं इल्ज़ाम नहीं लगा रही, लेकिन सवाल तो बनता है. जिसको दिखे, रोक लो." भैयांचा चेहरा लोकांना दिसावा म्हणून तिने तोच हाराचा फोटो व्हिडिओला जोडला. त्यातून स्वतःला कापून काढलं. उरले एकटे भैया, ताठ उभे, हात कुठे ठेवावेत ते न कळलेले. कापून काढल्यावर ते खरंच काहीतरी लपवणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

पिहू चहाच्या एका फेरीइतक्या वेळात सापडली. भैयांनी तिला रोजच्यासारखं गल्लीच्या तोंडाशी उतरवलं होतं. तिथे तिची मावशी स्कूटी घेऊन उभी होती, ती तिला कुल्फी खायला घेऊन गेली आणि बहिणीला कळवायचं तिला सुचलं नाही. पिहूच्या फ्रॉकवर कुल्फीचे डाग होते. सगळे हसायला लागले, आईने पोरीला एक चापट मारली आणि मग उराशी धरलं. मैनाने लगेच पुन्हा फोन वर धरला आणि पिहू मिळाल्याचं सांगितलं. तिला खरोखर आनंद झाला होता. पण तो दुसरा व्हिडिओ कोणी पुढे पाठवला नाही. पोर घरी असल्याची बातमी कोण कोणाला पाठवतो?

तोवर फॅक्टरीच्या अलीकडच्या वळणावर ऑटो अडवला गेला होता. आत अजून मुलं बसलेली होती. व्हिडिओ बघून जमलेल्या लोकांनी त्यांच्या देखत भैयांना बाहेर ओढून मारलं. ते सांगत होते, "बच्चों को छोड़ आने दो, फिर पूछ लेना." हे मला त्या मुलांपैकी एकाच्या वडिलांनी सांगितलं. पाळी सुटून येणाऱ्या कामगारांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बाकावर बसलेले होते. मनगट मोडलं होतं, जबडा सुजला होता आणि डाव्या कानातून रक्त येत होतं. मला बघून त्यांनी विचारलं, "गुड़िया मिल गई?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले.

पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांनी तक्रार दिली नाही. लोकांनी त्यांच्या मोठ्या मनाबद्दल बरंच काही सांगितलं. मला मात्र ते एवढंच म्हणाले, "तारीख पे तारीख कौन जाएगा बाबूजी. एक हाथ से ऑटो चलेगा नहीं, तो कचहरी किसमें बैठ के जाऊँगा?" कोणाला माफ केलंय असं ते बोलले नाहीत.

मैना दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिने पहिला व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो दुसऱ्यांनी उतरवून घेतला होता. मारहाणीचं चित्रण कोणीतरी त्याला जोडलं, खाली संगीत लावलं आणि वर लिहिलं, बच्चा चोर पकड़ा गया. तिसऱ्या दिवशी तिने माफीचा व्हिडिओ केला. हात जोडले, रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पोरगी लहानपणापासून माझ्यासमोर वाढली, तिचं खरं रडणं मला कळतं. पण ते रडणं तिने नीट उजेडात बसून, केस विंचरून केलं होतं, हेही तितकंच खरं.

तो व्हिडिओ तिच्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त पाहिला गेला. ती दुकानात आली, चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी पुन्हा पेटलेलं. मला फोन दाखवून म्हणाली, "काका, बघा ना, लोक किती समजून घेऊन राहिले. म्हणतात, गलती मानने के लिए हिम्मत लगती है."

"कोण समजून घेऊन राहिलं? भैया?"

तिने फोन खाली घेतला. मग म्हणाली, "त्यांच्याकडे जाणारच आहे."

ती गेली. कशी गेली ते मला भैयांच्या बायकोने सांगितलं, कानाचं औषध न्यायला आल्या तेव्हा. मैना दारात उभी राहिली, एका हातात फळांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन. बाई म्हणाल्या, "पहले वो बंद कर दे, बेटी." मैना म्हणाली, "चाची, लोगों को दिखना चाहिए ना कि मैं आई थी." बाईंनी दार लावून घेतलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं की कोणाला दिसायला हवं होतं आणि कशासाठी. मी बाटली कागदात गुंडाळून दिली आणि दिवसातून किती वेळा घालायचं ते सांगितलं.

भैयांचा हात बरा झाला, पण त्यांच्याकडे मुलं आली नाहीत. ते निर्दोष आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे तसं मोठ्याने म्हणतही होते. तरी प्रत्येक घराकडे कारण होतं. मुलं घाबरली आहेत. आजोबा सोडतात हल्ली. शाळेची बस सुरू झाली. पिहूच्या आईनेही पिहूला बसमध्ये घातलं. पावसाळ्याच्या आधी भैयांनी ऑटो विकला आणि तिलवाऱ्याच्या पलीकडे, नागपूर रस्त्यालगतच्या एका गावात, मेहुण्याकडे राहायला गेले.

त्याच सुमारास मैनाला नागपूरहून फोन आला. मोबाइलवर बातम्या दाखवणारी एक कंपनी होती, त्यांना चेहरा हवा होता. माफीचा व्हिडिओ बघूनच त्यांनी तिला निवडलं होतं. घरात पेढे आले. तिच्या आईने मला पेढा आणून दिला तेव्हा विनायकराव मागे उभे होते. हा माणूस मी इतक्या वर्षांत कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकला नव्हता. त्या दिवशी ते रस्त्यात उभं राहून म्हणाले, "नोकरी कशाची मिळाली? रडली त्याची?" मैना घरातून ऐकत होती. ते आत वळून म्हणाले, "जायचं तर जा. पण आधी त्या माणसाकडे जाऊन ये. हातात काही न घेता. काकांना सोबत ने."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली. फोन तिने माझ्या बायकोकडे दिला. देताना एकदा उघडून बघितला, परत एकदा बघितला, मग दिला. मी तिला स्कूटरवर मागे बसवलं. सगळ्या रस्त्यात तिचा हात सारखा ओढणीकडे जात होता, तिथे काही नव्हतं, आणि परत येत होता.

भैया अंगणात खाटेवर बसले होते. मैना त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि बोलायला लागली, "भैया, मैं जानती हूँ कि जो हुआ उसके लिए…" ते व्हिडिओतलंच वाक्य होतं, त्याच चालीत. भैया म्हणाले, "इस कान से सुनाई नहीं देता बिटिया. इधर आके बोल." ती उजवीकडे गेली. खाली बसली. आणि तिला बोलता येईना. मी त्या पोरीला शब्द न सापडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेवटी भैयांनीच विचारलं, "वो वीडियो निकल जाएगा क्या? यहाँ गाँव में भी लड़के देख रहे हैं. मेरी नातिन स्कूल जाती है यहाँ."

"मैंने तो हटा दिया भैया. लेकिन दूसरों के पास है."

"तो उनको बोल दे ना," भैया म्हणाले. "तेरी तो सब सुनते हैं."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर वाटत होतं की ती सांगेल आणि लोक ऐकतील. मैनाने मान डोलावली. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं, ते प्यायलो आणि निघालो.

पूल ओलांडला तसं तिने मला मागून विचारलं, "काका, सांगून बघू का?" मी म्हटलं, "मला त्यातलं कळत नाही, बेटा." दुकानात आल्याबरोबर तिने फोन घेतला आणि स्टुलावर बसून लिहायला लागली. या वेळी चेहरा दाखवला नाही, रडली नाही. चार ओळी लिहिल्या. भैयांचं नाव नाही, गावाचं नाव नाही. फक्त एवढंच, की रांझीतल्या ऑटोवाल्या भैयांचा व्हिडिओ खोटा आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया काढून टाकावा, त्यांना फार त्रास होतोय. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, चांगलं आहे. तिने पाठवलं आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.

फोन वाजायला लागला. तिने उत्तरं वाचायला सुरुवात केली, लहानपणी पाकिटं वाचायची तशी, एकापाठोपाठ एक. "कौन सा वीडियो दीदी? लिंक भेजो. मैंने नहीं देखा, किसी के पास है क्या? मेरे पास है, नंबर दो." शेवटच्या उत्तराखाली बऱ्याच जणांनी आपापले नंबर दिले होते. ती वाचत गेली. मध्ये एका माणसाने खोकल्याचं औषध मागितलं, ते मी दिलं. मग तिने लिहिलेलं काढून टाकलं, फोन बंद केला आणि समोर घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली. त्या कंपनीत ती फार दिवस टिकली नाही. तिची आई सांगायची, कॅमेऱ्यासमोर बसली की वाक्य पुरं होत नाही तिचं. आता कुठल्याशा कार्यालयात संगणकावर हिशेब बघते. दिवाळीत येते, मला वाकून नमस्कार करते. गणेशोत्सवात बोलशील का म्हणून मंडळाची माणसं विचारायला आली होती, तर तिने आईला बाहेर पाठवून नाही म्हणून कळवलं. तिला पश्चात्ताप आहे की नुसती भीती, मला सांगता येणार नाही. मैनासारखं बोलणारं दुसरं कोणी आमच्या गल्लीत झालं नाही. आणि तिने एका माणसाचं जे केलं, तेही दुसऱ्या कोणी केलं नाही. दोन्ही एकाच तोंडाने झालं, याचं मला काय करावं ते कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात भैया गेले. साधा ताप आला होता म्हणे. मी त्यांच्या बायकोला भेटून आलो आणि दुकानातूनच मैनाला फोन लावला. भैया गेल्याचं सांगितलं. मग तिने विचारलं, "काका, तुमच्याकडे तो हाराचा फोटो आहे ना अजून?"

मी म्हटलं, "आहे. आपल्या गल्लीच्या ग्रुपवर टाकावा म्हणतो, श्रद्धांजली म्हणून. पूर्ण फोटो. तू पण आहेस त्यात."

"नको काका," ती म्हणाली. "श्रद्धांजली म्हणून पण नको. नवीन लोक विचारतील, हे कोण होते. आणि मग कोणीतरी सांगेल."